डाव्या बाजूची मागची काच

दादा,

तू गेलास त्या दिवशी मी तुझ्या तोंडाकडे बघायच्या आधी गाडीकडे बघितलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. सकाळी पूर्वाचा, तुझ्या लेकीचा, फोन आला. डिचोलीहून पेडण्यापर्यंत मी कशी आले ते मला आठवत नाही. पण अंगणात शिरले, शेडमध्ये हिरवी उभी दिसली, आणि तिच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराला काहीच नव्हतं. बाबांच्या वेळची काच नाही आणि तू बसवलेलं प्लॅस्टिकही नाही. दाराच्या आतला पुठ्ठा काढलेला, स्क्रू एका वाटीत घालून सीटवर ठेवलेले, रिकाम्या खिडकीवर दुधाच्या पिशव्या फाडून चिकटपट्टीने लावलेल्या. आत बायका रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आता हे काय नवीन काढलंय याने? मग आत गेले आणि तू निजवलेला दिसलास. विचारायचं ते तोंडातच राहिलं.

काल मी घरी परत आले. आल्यापासून एका जागी बसवत नाही. चपात्या लाटायला घेते, दोन लाटून उठते. कपाट आवरायला काढते, अर्धं आवरून अंगणात जाऊन उभी राहते. हे म्हणतात, "अगो, बस मातशी. पायांक भिंगरी लागली काय तुज्या?" बसून तरी काय करू? बसले की तुझ्याशी भांडायला लागते आणि तू उत्तर देत नाहीस. जन्मभर पोरांना 'शांत बसा' म्हणून दरडावलेली मास्तरीण मी, साठी उलटल्यावर रिकाम्या खुर्चीशी हुज्जत घालताना शेजारणीने बघितलं तर काय म्हणेल, म्हणून ही वही पुढे ओढली.

हिरवी म्हणजे बाबांची गाडी. पोर्तुगीज अमदानीत म्हापशाच्या एका डॉक्टरांनी डाव्या स्टीअरिंगची ही गाडी बोटीने मागवली आणि त्यांच्याकडून बाबांनी जुनी म्हणून घेतली. नारळाच्या व्यापाऱ्याला मोटार कशाला, म्हणून गावाने चार दिवस हसून घेतलं, आणि पाचव्या दिवसापासून जो तो लग्नाला मागायला येऊ लागला. तिच्यातून मी मॅट्रिकच्या परीक्षेला गेले. तिच्यातूनच लग्न होऊन डिचोलीला आले. माझी जागा ठरलेली, मागच्या सीटवर डावीकडे. ती काच खाली केली की अर्ध्यावर अडकायची. मग तू पुढून उतरून यायचास, दोन्ही तळवे काचेला लावून ती वर सरकवायचास आणि म्हणायचास, "शालू, तू हात लावू नको." माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, मी शालूत घामाघूम, आणि तू मला हेच सांगितलंस.

बाबा गेल्यावर गाडी तुझ्याकडे आली आणि ते योग्यच झालं. मामलेदार कचेरीत दिवसभर जमिनीचे उतारे बघणारा माणूस रविवारी तिच्याखाली पाठीवर झोपलेला असायचा. वहिनी म्हणायची, सवत असती तर भांडले असते, हिच्याशी काय भांडू?

मग तो दगड आला. चार वर्षं झाली. तुम्ही दोघं माझ्याकडे येत होतात. डिचोलीच्या अलीकडे खनिजाचा ट्रक बाजूने गेला, त्याच्या चाकाखालचा दगड उडाला आणि वहिनीच्या बाजूच्या काचेवर बसला. आताच्या गाड्यांची काच फुटली की साखरेसारखे दाणे होतात. हिरवीची काच जुन्या पद्धतीची, तिच्या सुऱ्या झाल्या. वहिनीने तोंडापुढे हात धरला म्हणून डोळे वाचले. हात मात्र कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. मी दवाखान्यात धावत आले तेव्हा तू बाकावर बसून तिच्या पदरातले काचेचे तुकडे एकेक करून वेचत होतास आणि रुमालात ठेवत होतास. ते कशाला जपून ठेवतोस, म्हणून मी विचारलं, तर तू पुढचा तुकडा वेचायला वाकलास. तुला तेव्हा एवढं घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. ते बघूनही मी पुढे जे केलं ते केलं.

पंधरा दिवसांनी पेडण्याला आले तर अंगणात तू आणि शेजारचा सगुण मेस्त. चवथीला देवाचं मखर करून देणारा सुतार, त्याला तू मोटारीच्या कामाला लावलं होतंस. हिरवीच्या राहिलेल्या तिन्ही धड काचा काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. बाकावर अ‍ॅक्रिलिकचा मोठा तावदानाएवढा पत्रा, त्याचा वरचा कागद न काढता त्यावर पेन्सिलीने दाराचा आकार काढलेला, आणि सगुण बारीक दातांच्या करवतीने तो कापत होता.

"एक दात पडलो म्हणान कोण सगळे उपटता?" मी विचारलं.

"बायलेच्या हाताक चावता तसलो दात माका नाका," तू म्हणालास. मान वर करून बघितलंसही नाहीस.

सगुणला हसू फुटलं आणि त्याने खोकल्याचं नाटक केलं. मी पेटले. प्लॅस्टिकच्या खिडक्या जत्रेत मिळणाऱ्या गाड्यांना असतात, म्हटलं. बाबा असते तर तुला शेडबाहेर काढलं असतं, म्हटलं. हल्लीची न तुटणारी काच करून घे, म्हटलं, तर तू म्हणालास, ह्या मापाची करून देणारा कोणी मिळत नाही, दोन ठिकाणी विचारलंय. मग तू मला शिकवायला बसलास: हे वजनाला हलकं, दगड बसला तरी तुकडे उडत नाहीत, फक्त ओरखडे पडतात, थिनर लावायचा नाही, कोरडं फडकं मारायचं नाही, उन्हात फुगतं म्हणून चारी बाजूंनी थोडी जागा सोडायची. मी ऐकलं आणि त्यातलं 'फक्त ओरखडे पडतात' एवढंच उचललं. म्हटलं, बघ, तूच सांगतोस, खराब होतं!

आणि मग मी ते बोलले. "काचो परत बसल्याबगर मी हे गाडयेत पाय ठेवचंय नाय." अंगणात, सगुणसमोर, वहिनीसमोर. तिन्ही काचा जुन्या गोधड्यांत गुंडाळल्या, भाड्याची रिक्षा बोलावली आणि डिचोलीला घेऊन आले. तू अडवलं नाहीस. रिक्षावाल्याला फक्त म्हणालास, "सावकास ने रे." मला वाटलं काचांसाठी सांगतोस. आता वाटतं, माझ्यासाठीही असेल.

त्यानंतरचा मूर्खपणा तर दोघांचा मिळून. पुढच्या सोमवारी तू देवळात गेलास आणि देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावलास: प्लॅस्टिक राहू दे असं तुझ्या मनात असेल तर उजवी पाकळी दे. उजवी पडली. ते मला कळलं. त्याच्या पुढच्या सोमवारी मी डिचोलीहून दोन बस बदलून आले आणि त्याच देवीला विचारलं: काचा परत बसाव्यात असं असेल तर उजवी दे. मलाही उजवी पडली. गुरवाने पाकळ्या गोळा केल्या आणि कपाळावर हात मारला. "बाये, एकच गजाल देवीक दोनदा विचारूची नसता. आता तुमचां तुम्ही बघा." पण आपण कसले बघतोय? तुझ्याकडे देवीचा होकार, माझ्याकडे देवीचा होकार. माणसाने माणसापुढे नमतं घ्यावं, देवीपुढे जाऊन आल्यावर कोण घेणार? दहावीतल्या पोरालाही एवढी अक्कल असते, आपल्याला नव्हती.

तेव्हापासून चार वर्षं मी पेडण्याला बसने येत होते. चवथीला आले, दसऱ्याला आले, तुझ्या हातचं चहापाणी घेतलं, जेवले, राहिले. फक्त गाडीत बसले नाही. परत निघाले की तू काही न बोलता माझी पिशवी उचलायचास, हिरवीच्या मागच्या सीटवर ठेवायचास आणि गाडी काढायचास. मी पायी, पिशवी गाडीत. तू पहिल्या गिअरमध्ये माझ्या बाजूने बस थांब्यापर्यंत. वाटेत पोदेर, आपला पाववाला, सायकल थांबवून बघायचा. एकदा त्याने विचारलंच, "बाय चलता आनी पिशवी गाडयेन वता, हें कितें?" तू म्हणालास, "पिशवेन शपथ घेवंक नाय." मला हसू आलं होतं, दादा. छत्री तोंडापुढे धरून हसले. तुला दिसू दिलं नाही. एवढं हसू तुला द्यायला माझं काय जात होतं?

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ, नारळ, हळदकुंकू. वहिनीने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं, "नणंदेन ओवाळूचां" म्हणाली. बाबांची पद्धत अशी की इंजिनाला ओवाळायचं आणि मग चारही दारांना. तीन दारं झाली. डाव्या मागच्या दाराशी आले, माझ्या जागेशी. तिथे तुझं ते चकचकीत प्लॅस्टिक, त्यात माझं तोंड वेडंवाकडं दिसत होतं. मी कापराची ज्योत त्याच्याजवळ नेली आणि तिथेच धरली. मनात दहापर्यंत मोजलं. प्लॅस्टिक आधी पांढरं झालं, मग त्याला फोड आला आणि वास सुटला. सगळे "अगो अगो" करत धावले. वहिनी म्हणाली, कापूर भडकला. सगुण म्हणाला, बायेला सवय काचेची, प्लॅस्टिकची नाही. आणि तू ओल्या फडक्याने फोड पुसत म्हणालास, "चूक जाली, सोड. तुझो हात नाय मगो भाजलो?"

चूक नव्हती, दादा. मी मुद्दाम केलं.

तुला कळलं होतं का? तू मूर्ख नव्हतास. कचेरीत खोटी सही लांबून ओळखायचास. चार दारांतून नेमकं माझंच दार कसं भाजलं, हे तुला दिसलं नसेल? आणि कळलं असेल तर माझा हात का बघितलास? हे तू मला सांगितलं पाहिजे होतंस. मला चार शिव्या दिल्या पाहिजे होत्यास. तू तो फोड तसाच ठेवून दोन वर्षं गाडी चालवलीस आणि मला गप्प बसायची सोय करून दिलीस.

मग तू जायच्या आठ दिवस आधीचा तो फोन. मी दुपारची वामकुक्षी करत होते, त्यामुळे आधीच कावलेली.

"शालू, जत्रेक येतलंस मगो?"

"येतलंय."

"येताना ती डाव्या बाजूची मागची काच घेवन ये. ती एकच."

एकच! चार वर्षं ज्यांच्यावरून बोलणं अडलं, त्यांतली एक मागतोय, जणू शेजारून वाटीभर साखर. मला वाटलं, तो भाजलेला तुकडा आता दिसायला वाईट दिसत असेल, जत्रेला पाहुणे येणार, म्हणून भोक बुजवायला हवी असेल. बाबांच्या काचेने तुझ्या प्लॅस्टिकला ठिगळ! मी म्हटलं, "तीन नेलंय, तीनच येतली. एक येवची नाय."

मागे कुठेतरी वहिनी भांडी घासत होती, तो आवाज येत होता.

"बरां," तू म्हणालास. "तुजी मर्जी. तब्येत सांभाळ."

मी 'ठेवते' म्हटलं आणि ठेवला. तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यात माझं शेवटचं वाक्य 'ठेवते'.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सुतक तीनच दिवसांचं. भटजींनी सांगितलं, चौथ्या दिवशी न्हाऊन तुम्ही मोकळ्या. मोकळ्या म्हणजे काय, ते त्यांना विचारावंसं वाटलं. वहिनीला, पूर्वाला तेरा दिवस आणि मला तीन, जणू मी तुझी चुलत शेजारीण. मी गेले नाही, तिथेच राहिले. पण सुतकाच्या घरात काम तरी काय असतं? देवापुढे दिवा नाही, देवळात जायचं नाही, चुलीवर फोडणी नाही. लोक येतात, बसतात, तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतात, चहा पिऊन जातात. मी आतून बाहेर, बाहेरून विहिरीपर्यंत, विहिरीपासून शेडपर्यंत. शेडमध्ये गेले की ती दुधाच्या पिशव्या लावलेली खिडकी वाऱ्याने फडफडायची.

चौथ्या दिवशी सगुण मेस्त तिथे सापडला. हिरवीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"ह्या दाराक काय जालां?" मी विचारलं. "कोणी ठोकलां काय?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला आपण काहीतरी चुकीचं विचारलं असं वाटलं.

"ठोकूक कोण येता? दादान आणि मीच खोललां. तुज्या जनेलाक काच बसवची होती. बाकी तीन पिलास्टिक, तुज्या बाजूक काच. जत्रेक तू येशीत तेव्हा तुका गाडयेन घरा पावंवची, असां त्येच्या मनात." त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "तू काच आणूक नाय काय?"

तशीच स्वयंपाकघरात गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती म्हणाली, "मीच सांगलंय त्येंका. म्हटलां, मी फुडे बसतंय, ती मागे. तितली एक घाला. चार वर्सां ती पोर चलत जाता बस थांब्यार, बरां दिसता काय?"

ती पोर! बासष्ट वर्षांची पोर.

दादा, तू फोनवर एक वाक्य जास्त बोलला असतास तर काय तुझी जीभ झिजली असती? 'तुझ्यासाठी' एवढा एक शब्द. ती खोड तुझी लहानपणापासूनची. माझ्या पाटीवर चित्र काढून ठेवायचास आणि सांगायचं नाहीस, मी पुसून टाकायचे आणि मग रडायचास. माणसाने बोलावं! समोरचं माणूस अंतर्ज्ञानी नसतं. आणि मी तर नाहीच नाही, हे तुला ठाऊक होतं. त्या दिवशी मी विहिरीवर जाऊन तुला मोठ्याने शिव्या दिल्या. पूर्वा धावत आली, तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिला म्हटलं, तुझ्या बापाने तोंड उघडलं नाही म्हणून ओरडतेय. मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

पाचव्या दिवशी पहाटेच्या बसने डिचोलीला गेले. माळ्यावरच्या तीन गोधड्यांतली नेमकी काच शोधायला अर्धा तास गेला. ह्यांनी शिडी धरली आणि काही विचारलं नाही, एवढे उपकार. परत येताना काच मांडीवर आडवी. म्हापशाला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, मावशे, ते लगेज मागे टाका. मी म्हटलं, तूच मागे जा! त्याने तिकीट फाडून दिलं आणि पेडणे येईपर्यंत माझ्या बाजूला फिरकला नाही. कोलवाळच्या पुलावर बस उसळली तेव्हा मी काचेवर आडवी पडले. कोणी तान्हं मूल घेऊन बसावं तशी बसले होते. उशीर झालाय हे ठाऊक असून घाई करत होते.

सगुण म्हणाला, "सुतकात करवत नाका. तेरावो जांव दी." मग काच तुझ्या खाटेखाली ठेवली आणि आठ दिवस घरभर फिरत बसले. लोकांना वाटत होतं, बहीण किती राबते. मी राबत नव्हते. मला त्या खाटेपासून लांब राहायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, माणसं पांगली आणि सगुण हत्यारं घेऊन आला. मी गोधडी अंगणात आणून बाकावर सोडली. काच बाहेर आली तशी उन्हात लखलखली. खरंच सुंदर होती, दादा. एका कोपऱ्याला थोडी पिवळट झालेली, पण पलीकडचं सगळं कसं स्वच्छ, माडाची झावळी न् झावळी. मी सगुणला म्हणाले, बघ, ह्याला काच म्हणतात.

वहिनी पायरीवर उभी होती. काच दिसली तशी ती एक पाऊल मागे गेली. मग तिने उजवा हात पदराखाली घेतला. तिचं तिलाही कळलं नसावं. तोंडाने ती म्हणत होती, "बसय रे मेस्ता, बसय. चार वाजता हिका निघूचां आसा." पण हात पदराखालून बाहेर येत नव्हता.

ती चार वर्षं तुझ्या शेजारी पुढे बसत होती आणि मला तिचा हात कधी दिसला नव्हता. टाके दिसले होते, विचारपूस केली होती, हळद लावायला सांगितलं होतं. पण तिला काचेची भीती वाटते, अजून वाटते, हे मी कधी बघितलंच नाही. मी बाबांची काच बघत होते. तू वहिनीचा हात बघत होतास. आणि त्या हाताच्या मालकिणीने, माझ्या हट्टापायी, माझ्या बाजूला काच घालायला आपणहून सांगितलं होतं.

"मेस्ता," मी म्हटलं, "ती काच आडवी ठेव. तिच्या खाली प्लॅस्टिक घाल."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचो आकार काढ. आणि कापूया. दादान पत्रो शिल्लक ठेवलो आसतलो."

होताच. शेडच्या मागे, कागदासकट, उभा, ऊन लागणार नाही अशा जागी. तू काही टाकणाऱ्यातला नव्हतास. सगुणने काचेच्या कडेने पेन्सिल फिरवली. मी दोन्ही हातांनी काच दाबून धरली होती. करवत चालवायला मी मागितली. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही. थोडं कापलं आणि करवत वाकडी गेली, मग त्याने ती हातातून घेतली. कडा मात्र मी घासल्या, आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने, तास दीड तास, बोटं पांढरी होईस्तोवर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी एका जागी बसले होते. पूर्वा येऊन बघून गेली. वहिनीने चहा आणून ठेवला आणि बाजूला बसली. दाराच्या खाचेतली धूळ ओल्या फडक्याने पुसून काढायची, नाहीतर पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात, हे मी सगुणला सांगितलं. तो म्हणाला, "तुका कोणी शिकयलां?" मी म्हटलं, भांडताना कानावर पडलं होतं.

तुकडा खाचेत उतरला, वरचा कागद सोलून काढला, मूठ फिरवली. खाली गेला, वर आला. अर्ध्यावर अडकला नाही. हलकं असतं, हेसुद्धा तुझंच खरं निघालं.

काच पुन्हा गोधडीत गुंडाळली आणि तुझ्या खाटेखाली ठेवली. आता ती तिथेच राहू दे. उरलेल्या दोन मी पुढच्या खेपेला आणून देईन. माझ्याकडे ठेवायचं काही कारण उरलं नाही.

चार वाजता पूर्वाने गाडी काढली. गाडी तिला तू शिकवलीस, त्यामुळे क्लचवर पाय ठेवून बसायची तुझी वाईट सवय तिलाही आहे. वहिनी पुढे बसली. सगुणने माझी पिशवी सीटवर ठेवली आणि दार उघडून धरलं. मी अंगणात उभी. पाय उचलेना. माझ्या त्या अंगणातल्या वाक्याची एवढी सवय झाली होती की ते सोडून आत जायचं म्हणजे कुणाला तरी मागे टाकून जायचं, असं वाटलं. मग वाटलं, ज्याला मागे टाकायचं तो तर आधीच गेलाय.

"आते," पूर्वा म्हणाली, "बस मगो."

रस्ताभर त्या खिडकीची बारीक शीळ वाजत होती. धारगळच्या उतारावर वाढली. मी कुरकुरले, पूर्वा म्हणाली, माझे बाबा म्हणायचे ती गाते. कोलवाळचा पूल गेला, म्हापसा गेलं, अस्नोडा गेलं. डिचोलीच्या अलीकडे लाल धूळ सुरू झाली आणि समोरून खनिजाचे ट्रक, एकामागून एक. पहिला अगदी अंगाला घासून गेला. चाकाखालची खडी वहिनीच्या बाजूवर तडतडली. मी पुढे बघितलं. वहिनीने डोळे मिटले होते, पण हात मांडीवर होता. उचललाच नाही तिने.

माझं मत बदललेलं नाही, दादा. काच ती काच. तुझ्या प्लॅस्टिकमधून माड वाकडे दिसतात, त्याला धूळ चिकटते आणि ते शीळ घालतं. समोर असतास तर हेच तुला डिचोली येईपर्यंत ऐकवलं असतं, आणि तू 'बरां' म्हणून गप्प बसला असतास.

पण मी बसले. तू नसताना बसले, दादा.